जवारी : तंबोऱ्याच्या घोडीवरील कसब आणि त्याची परिभाषा

कोणत्याही तंतुवाद्यात तार दोन ठिकाणी टेकलेली असते, आणि त्या दोन टेकूंच्या दरम्यान तिचा जो भाग मोकळा राहतो तोच वाजतो. वाद्यांच्या घडणीविषयी लिहिणारे बहुधा भोपळा, तबली, दांडी, लाकडाची जात यांचे सविस्तर वर्णन करतात आणि या दोन टेकूंची वासलात एका वाक्यात लावतात. व्यवहारात मात्र वाद्याच्या बऱ्यावाईटाचा निर्णय पुष्कळदा तेथेच होत असतो. उत्तम तुणीच्या लाकडाचा आणि निर्दोष भोपळ्याचा तंबोरा घोडीवरील केसभर चुकीने मुका होतो. उलट सामान्य घडणीचा तंबोरा घोडी नीट साधली असता अशा तेजाने बोलू लागतो की, त्याच्या लाकडाची चौकशी कोणी करीत नाही. घोडी साधण्याच्या या कसबाला मराठीत ‘जवारी काढणे’ म्हणतात. हे कसब भौतिकशास्त्राच्या दृष्टीने जितके लक्षणीय आहे तितकेच भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक आहे. कारण ते शिकविले जाते ते मोजमापांनी नव्हे, तर मूठभर शब्दांनी आणि कानांनी.

तुलनेसाठी प्रथम गिटार हे वाद्य घेणे सोयीचे होईल. गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे असतात आणि तार बोटाने पडद्यावर दाबून वाजवितात. त्यामुळे तार पडद्यांपासून किती उंचीवर असावी, हा त्या वाद्याच्या जुळणीतील मुख्य प्रश्न होतो. पोलादी तारांच्या गिटारीत बाराव्या पडद्यापाशी ही उंची जाड तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे १.८ मिलिमीटर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. उंची वाढली तर तार दाबणे बोटांना जड जाते, एवढेच नव्हे, तर दाबताना ती अधिक ताणली जाऊन स्वर चढा लागतो. उंची फार कमी झाली तर हेलकावणारी तार पुढच्या पडद्यांवर आपटून करकरते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. म्हणून तेथील उंची अर्ध्या मिलिमीटरने उतरवावयाची असेल, तर घोडीवरील हाडाची पट्टी एक मिलिमीटर घासावी लागते, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. शिवाय मान अगदी सरळ असूनही भागत नाही. कंप पावणारी तार मध्यभागी अधिक फुगते, म्हणून मानेला सातव्या-आठव्या पडद्यापाशी पाव मिलिमीटरच्या आसपास खोलगट बाक ठेवतात, आणि तो कमीजास्त करता यावा म्हणून मानेच्या पोटात लोखंडी सळई बसवितात. ही सळई अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. या सर्व खटाटोपाचे ध्येय एकच असते : दोन टेकूंखेरीज, अथवा दाबलेल्या पडद्याखेरीज, तारेचा कोठेही स्पर्श होता कामा नये. तार घासून जो किरकिरा आवाज येतो तो गिटारीचा दोष मानला जातो.

तंबोऱ्याच्या कारागिराचे ध्येय याच्या नेमके उलट असते. तार घासली पाहिजे, पण जेथे हवी तेथेच घासली पाहिजे, आणि जितकी हवी तितकीच.

गिटारीवरील टेकू अरुंद असतो. तेथे तार कोठे संपते हे निश्चितपणे सांगता येते. तंबोऱ्याची घोडी मात्र एखाद्या लहान चौरंगासारखी रुंद असते. तिचा माथा दुरून सपाट भासला, तरी तारेच्या दिशेने तो अत्यंत सौम्य उताराचा असतो. हा उतार सरळ नसून किंचित वक्र असतो. त्यामुळे तार माथ्याच्या मागील बाजूवर विसावते आणि पुढे येता येता पृष्ठापासून इतक्या हळूहळू सुटते की, ती नेमकी कोठे सुटली हे डोळ्यांना सांगता येत नाही. एवढ्याने काम पूर्ण होत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवितात. दोरा मागेपुढे हलविताच एका विशिष्ट जागी तारेचा आवाज एकाएकी उघडतो, आणि तेथून गव्हाच्या दाण्याएवढाही दोरा सरकला तरी पुन्हा मिटतो. तंबोरा जुळवून झाल्यावर गवई मंडळी मान खाली घालून घोडीपाशी जी खुडबूड करताना दिसतात, ती याच जागेचा शोध घेत असतात. श्रोते तेवढ्या वेळात पानसुपारी आटोपून घेतात.

येथे प्रत्यक्षात काय घडते, हे समजून घेण्यास सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या एका लहानशा निबंधापासून प्रारंभ करणे योग्य होईल. रामन यांनी कलकत्त्याच्या वास्तव्यात भारतीय वाद्यांच्या ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांविषयीचा त्यांचा निबंध तेथील विज्ञान परिषदेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. ताणलेल्या तारेविषयी यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निष्पंद येतो, तो उपस्वर उत्पन्न होत नाही, असे तो सांगतो. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे सम क्रमांकांचे उपस्वर ऐकू येऊ नयेत. तंबोरा आणि वीणा ही वाद्ये हा नियम पाळीत नाहीत, असे रामन यांनी दाखवून दिले. तार कोठेही छेडा, जे उपस्वर नसावेत तेही जोमाने उपस्थित असतात. आणि त्याचे कारण घोडीचा तो रुंद, वक्र माथा होय, हे त्यांनी ओळखले.

त्याचा कार्यकारणभाव असा. तार खाली जाते तेव्हा ती घोडीच्या वक्र पृष्ठावर थोडी गुंडाळली जाते आणि तिची मोकळी लांबी किंचित कमी होते. ती वर येते तेव्हा पृष्ठापासून सुटते आणि लांबी पूर्ववत होते. पुरुषी तंबोऱ्यातील जवळजवळ एक मीटर लांबीच्या तारेच्या मानाने हा फरक क्षुल्लक असला, तरी तो प्रत्येक आंदोलनात एकदा घडतो, आणि दर वेळी तारेला घोडीकडून एक सूक्ष्म ठोका बसतो. मूळ स्वराची शक्ती अशा रीतीने वरच्या उपस्वरांमध्ये वाटली जाते. दोऱ्याचे कार्य हे की, तार त्याच्यावर पक्की टेकते आणि घोडीची पुढील कड तिच्या केवळ निकट राहते. एक टेकू निश्चित आणि दुसरा निसटता, अशी ही योजना आहे. दोरा फार मागे गेला तर तार घोडीवर सपाट झोपते आणि आवाज चिरडतो. फार पुढे आला तर ती पुढच्या कडेला स्पर्शच करीत नाही, आणि उरतो तो कोणत्याही सामान्य तारेचा ‘टण्ण’ असा बोडका आवाज. तारेचा हेलकावा जसजसा ओसरतो तसतसा हा स्पर्शही बदलत जातो. म्हणून तंबोऱ्याचा आवाज छेडल्या क्षणापासून विझेपर्यंत एकसारखा राहत नाही. छेडल्याबरोबर वरचे उपस्वर झगमगतात, आणि मग ते तेज क्रमाक्रमाने खालच्या उपस्वरांवर उतरत येते. खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार स्पष्ट ऐकू येतो, तो याच ओघात. गवई त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो वस्तुतः खर्जाचा पाचवा उपस्वर असून हार्मोनियमच्या समविभागी गंधारापेक्षा चौदा सेंटांनी उतरता असतो. तंबोऱ्यावर कान घडलेल्या गायकाला पेटीचा गंधार बोचतो तो यामुळे. जवारी चांगली नसेल तर हा गंधार ऐकू येत नाही, आणि जो ऐकूच आला नाही त्याच्याशी आपला गंधार मिळविण्याची सवय शिष्याला लागत नाही. जवारी ही केवळ आवाजाची सजावट आहे, हा समज म्हणूनच सोडावा लागतो.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकाला या वर्णनात एक ओळखीची गोष्ट दिसेल. मराठीत ‘स्वर’ हा शब्द गाण्यातील षड्जालाही लावतात आणि वर्णमालेतील अकारालाही. पहिल्या अर्थी स्वर म्हणजे आंदोलनसंख्या. दुसऱ्या अर्थी स्वर म्हणजे उपस्वरांची विशिष्ट वाटणी, म्हणजे मुखविवराच्या आकारामुळे त्यांपैकी कोणते उठावदार व्हावेत याची व्यवस्था होय. एकाच षड्जावर ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ म्हणता येतात, ते या दोन गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळेच. तंबोऱ्याच्या तारेत पहिल्या अर्थीचा स्वर स्थिर राहतो आणि दुसऱ्या अर्थीचा स्वर सरकत जातो. उपस्वरांचा उठाव वरून खाली उतरतो, म्हणजे मानवी उच्चारात ‘ई’कडून ‘ए’ व ‘आ’ यांच्या वाटेने ‘ओ’कडे जाताना दुसऱ्या स्वरकंपाचे जे घडते, त्याच्याशी काहीसे सदृश असे येथे घडते. हे सादृश्य तंतोतंत आहे असे कोणी म्हणणार नाही. तारेला जीभ नाही आणि टाळूही नाही. परंतु ‘तार बोलते’ आणि ‘तार मुकी झाली’ हे जे शब्दप्रयोग कारागिरांच्या व गायकांच्या तोंडी सर्रास येतात, ते केवळ अलंकारिक नाहीत, एवढे या सादृश्यावरून मान्य करावयास हरकत नाही. बोलणे म्हणजे स्वरगुणात बदल होणे. आणि जवारी बसलेल्या तारेत नेमका हा बदलच थांबलेला असतो.

आता ‘जवारी’ या शब्दाकडे वळता येईल. त्याची व्युत्पत्ती बहुतेक सर्व जाणकार ‘जीव’ या शब्दापासून सांगतात : तारेत जीव आणते ती जीवारी, तिची जवारी. अनाघात इकाराचा अकार होणे आपल्या भाषापरंपरेत अपरिचित नाही. ‘हरिद्रा’चे प्राकृतात ‘हलद्दा’ आणि मराठीत ‘हळद’ झाले, हे प्रसिद्धच आहे. मात्र लौकिक व्युत्पत्ती जितकी गोड तितका तिच्याविषयी संशय अधिक बाळगावा, हा नियम येथेही विसरता येत नाही. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेच्या वर्णनात तार आणि तिच्या खालची धातूची पत्रिका यांच्यामध्ये बांबूची एक लहानशी ‘जीवा’ घालावी, असे सांगितले आहे. आजचा सुताचा दोरा जे काम करतो तेच काम ही जीवा करीत होती, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. ‘जीवा’ या शब्दाचा दुसरा रूढ अर्थ धनुष्याची दोरी, म्हणजे ‘ज्या’, असा आहे. गणितज्ञांनी हाच शब्द वर्तुळाच्या कमानीची दोरी या अर्थी घेतला. तो अरबीत ‘जीबा’ म्हणून गेला, तेथे ‘जैब’ असा वाचला गेला, आणि लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर होऊन त्रिकोणमितीतील ‘साइन’ जन्मास आला. ग्रीक भाषेतही जीवन आणि धनुष्य यांचे वाचक शब्द केवळ आघाताच्या स्थानाने वेगळे होतात. तेव्हा ‘जवारी’च्या मुळाशी जीव आहे की जीवा आहे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. शास्त्रग्रंथातील साधनाचे नाव आणि कारागिराच्या तोंडचे क्रियेचे नाव यांत अर्थाचे इतके निकटचे नाते असताना जीवेचा पक्ष अधिक बळकट वाटतो. शब्दाचे आजचे रूप मात्र उत्तरेकडील उस्तादांच्या हिंदी-उर्दूतून मराठीत स्थिरावले असावे.

हा शब्द ज्या मिरजेत आज सर्वाधिक कानी पडतो, तेथेच त्याच्याशी गोंधळ होण्याजोगे आणखी दोन शब्द वावरतात. एक ‘ज्वारी’ हे धान्य, ज्याचा उच्चार अनेक जण ‘जवारी’ असाच करतात. दुसरा ‘जवारी’ हे विशेषण; कन्नडमध्ये ते ‘गावठी, देशी’ या अर्थी चालते आणि बेळगाव-गडहिंग्लज पट्ट्यातील मराठीतही जवारी कोंबडी, जवारी मिरची असे सहज म्हटले जाते. तीन समोच्चारित शब्द एकाच प्रदेशात नांदत असून बोलणाऱ्यांची काही अडचण होत नाही. ‘जवारी काढली’ असे तंबोऱ्याच्या दुकानात म्हटले की ती शेतातून काढली, असे कोणी समजत नाही.

‘काढणे’ या क्रियापदाची निवडही विचारात घेण्याजोगी आहे. मराठीत काटा काढतात आणि चित्रही काढतात; एका ठिकाणी असलेले नाहीसे करणे हा अर्थ, तर दुसऱ्या ठिकाणी नसलेले प्रकट करणे हा. जवारी काढताना दोन्ही अर्थ एकाच हालचालीत येतात. कानशीने घोडीचा अंश निघून जातो आणि त्यामुळेच नाद बाहेर पडतो. जवारीला ‘काढणे’ याखेरीज ‘लागणे’ हे क्रियापदही जोडतात, आणि ‘लागणे’ म्हणजे स्पर्श होणे हा त्याचा मूळ अर्थ येथे शब्दशः खरा ठरतो. ‘घोडी’ या शब्दाच्या बाबतीत तर मराठीला दूरदूरचे सोयरे आहेत. फारसीत याच टेकूला ‘खरक’ म्हणजे लहानसे गाढव म्हणतात. फ्रेंचमधील ‘शव्हाले’ आणि पोर्तुगीजमधील ‘कव्हालेत’ हे दोन्ही शब्द घोड्यापासून निघाले आहेत. इंग्रजी आणि इटालियन भाषांनी मात्र तेथे पूल पाहिला. ओझे वाहणारे जनावर आणि दोन काठ जोडणारा पूल, या दोन कल्पनांपैकी पहिली अधिक समर्पक म्हटली पाहिजे. कारण तारांचा सगळा भार घोडीच्या पाठीवरच असतो.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहिल्यावाचून या शब्दांचा अर्थ पुरता उलगडत नाही. दुरुस्तीस आलेल्या तंबोऱ्याची घोडी निरखून पाहिली तर तारांखाली बारीक खाचा पडलेल्या दिसतात. रोज हजारो वेळा घासून तारेने स्वतःचे घर केलेले असते. तार त्या खाचेत रुतते आणि तिचे निसटते घासणे बंद पडते. यालाच जवारी बसली असे म्हणतात. कारागीर तारा सैल करून बाजूला घेतो आणि प्रथम कानशीने पृष्ठ सारखे करून खाचा नाहीशा करतो. पुढचे काम वक्राचे. कानस घोडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तारेच्या दिशेने फिरते, आणि हाताच्या दाबात इतकाच फरक ठेवावा लागतो की, पुढील बाजू मागीलपेक्षा किंचित अधिक झिजावी. दोन-चार हात फिरवून तार पुन्हा जागेवर आणावयाची, स्वरात चढवावयाची, दोरा सरकवून ऐकावयाचे, पुन्हा उतरवावयाची. हे एका तारेसाठी अनेकदा करावे लागते, आणि तारा चार असतात. प्रत्येक तारेखालचा वक्र वेगळा असतो. पोलादी जोडीच्या तारा बारीक व ताठ असतात, खर्जाची पितळी तार जाड व ढिली असते आणि तिचा हेलकावा मोठा असतो. एकच उतार दोघींना मानवत नाही. डोळ्यांचा उपयोग येथे एकाच गोष्टीपुरता आहे. तार काही वेळ वाजवून मग बाजूला केली की, तिने जेथे स्पर्श केला तेथे घोडीवर चकाकीची बारीक रेघ उमटते. ती रेघ अखंड असावी आणि पुढील कडेकडे विरळ होत जावी. मध्ये तुटली असेल तर तेथे खळगा राहिला आहे. रेघ पुढील कडेशी एकाएकी संपत असेल, तर तेथे धार राहिली असून आवाजात पत्र्यासारखी खरखर येईल.

या कामात चूक झाली तर ती भरून काढण्याचा मार्ग नाही. अधिक घासले गेले की पुन्हा सगळे पृष्ठ त्या पातळीवर आणावे लागते. प्रत्येक वेळी घोडी खाली जाते, आणि तिच्याबरोबर तारांची तबलीपासूनची उंचीही. असे काही वेळा घडले की घोडीच बदलावी लागते. ‘घोडी सपाट करून घासली की आवाज येतो’ असे कोणाकडून तरी ऐकून हौशी विद्यार्थी पॉलिश कागद घेऊन स्वतःच जवारी काढावयास बसतात, तेव्हा बहुधा हेच होते. आणि कारागिराकडे जो तंबोरा येतो त्यात दुरुस्त करण्यासारखी घोडी उरलेली नसते.

एकदा काढलेली जवारी सर्व काळ व सर्व स्वरांना पुरते असेही नाही. काळी एकच्या षड्जासाठी साधलेला तंबोरा काळी चारमध्ये चढविला, तर तारांचा ताण वाढतो, हेलकावा आखूड होतो आणि घोडीवरील घासणे मंदावते. स्त्रियांचे व पुरुषांचे तंबोरे लांबीला आणि तारांच्या जाडीला वेगळे ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात उतरविली की तिचा दोरा नव्याने बसवावा लागतो. पावसाळ्यात तबली ओलसर हवेने फुगते आणि घोडीची बैठक बदलते. दिवाळीनंतर हवा कोरडी होताच ती पुन्हा बदलते. यातील लहानसहान फरक दोऱ्याने सावरता येतात, मोठे फरक कानशीशिवाय नाहीत.

सतारीचा प्रश्न अधिक बिकट आहे. कारण गिटारीची आणि तंबोऱ्याची अशा दोन्ही अटी तिला पाळाव्या लागतात. पडद्यांवर तारेची उंची हातास सोसवेल अशी हवी, शिवाय मींड घेताना तार आडवी ओढली जाऊन चार-पाच स्वरांपर्यंत चढते, तेव्हा घोडीवरही ती आडवी सरकते. तेवढ्या सगळ्या सरकण्यात जवारी तुटता कामा नये. सतारिये ‘खुली’ आणि ‘बंद’ असा जवारीचा भेद करतात. खुली जवारी म्हणजे उपस्वरांनी झगमगणारा आवाज, बंद म्हणजे आटोपशीर व गोल. पं. रविशंकर यांची सतार खुल्या जवारीची आणि उस्ताद विलायत खाँ यांची बंद जवारीची, हे दोघांच्या ध्वनिमुद्रिका पाठोपाठ ऐकणाऱ्यास सहज कळते. विलायत खाँ यांच्या गायकी अंगाला लांब मींडीत एकसंध आवाज हवा होता. म्हणजे घोडीचा वक्र येथे वादनशैलीचाच एक भाग झालेला आहे. गळ्यालाही हेच विशेषण लागते : ‘जवारीदार आवाज’ असे एखाद्या गायकाविषयी म्हटले की, त्याच्या आवाजात उपस्वरांची ती चमक आहे असे जाणकार समजतात.

मिरजेत ही विद्या रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला असलेले फरीदसाहेब शिकलगार यांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला, असे सांगतात. शिकलगार हे आडनाव अरबी-फारसी ‘सैकलगर’ यावरून आले. सैकल म्हणजे शस्त्रांना झिलई देणे. इंग्रजी अमलात तरवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा धातूचे पृष्ठ बोटांनी व डोळ्यांनी पारखण्यात मुरलेले हे हात घोडीच्या पृष्ठाकडे वळले. या स्थित्यंतरात योगायोगाचा भाग असेल, पण कौशल्याचे सातत्यही आहे. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये निधन पावलेले हे गायक स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यातही निष्णात होते, आणि सुरेलपणाविषयी इतके आग्रही असलेले गिऱ्हाईक गावातच असणे कारागिरांच्या कानांना निश्चितच उपकारक ठरले असेल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा कोठला, लाकूड कोणते, घडण कशी, हे अशा नोंदीत लिहिता येते. जवारी लिहिणे तितके सोपे नाही.

अडचण आता घोडीच्या द्रव्याकडून आली आहे. पूर्वी उत्तम घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. साध्या वाद्यांना हाड अथवा कठीण लाकूड चाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला, आणि तो बंद होणे सर्वथा उचित होते. त्याच्या जागी एबोनाइट व तत्सम कृत्रिम पदार्थ आले. कारागीर त्यांना एका शब्दात ‘फायबर’ म्हणतात. फायबरचा आवाज शिंगासारखा नाही, अशी जुन्या गायकांची तक्रार असते, आणि ती कदाचित कानांइतकीच आठवणीचीही असेल. परंतु त्याचा एक गुण निर्विवाद आहे : काही कृत्रिम पदार्थांवर तारेची खाच लवकर पडत नाही. हाडाच्या घोडीची जवारी जितक्या वारंवार काढावी लागे, तितकी त्यांची लागत नाही. गायकाच्या दृष्टीने ही सोय आहे. शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब वेगळा होतो. जवारी काढण्याची विद्या पुस्तकातून येत नाही. ती दुकानात बसून, बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली, शेकडो घोड्या बिघडलेल्या पाहून आणि सुधारताना ऐकून येते. दुरुस्तीस येणारे तंबोरे कमी झाले की ऐकण्याचे प्रसंगही कमी होतात. त्यातच घरोघरच्या रियाजातून तंबोरा हद्दपार होऊन त्याच्या जागी विजेवर चालणारी पेटी आणि अलीकडे भ्रमणध्वनी आला आहे. त्यात कधीकाळी कोणीतरी उत्तम जवारी काढलेल्या एका तंबोऱ्याचा आवाज कायमचा साठवून ठेवलेला असू शकतो; त्याला पावसाळा लागत नाही आणि दोराही लागत नाही.

व्यवसायांची परिभाषा संकलित करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच शब्दांची यादी घेऊन थांबणे पुरेसे नाही. ‘खुली’, ‘बंद’, ‘गोल’, ‘मुकी’, ‘बसलेली’ हे शब्द कारागिराला अर्थ विचारला असता तो एकमेकांच्याच साहाय्याने सांगतो, आणि शब्दकोशकार जेथून निघाला तेथेच परत येतो. अर्थ सांगण्याची त्याची खरी रीत दुसरी आहे. तो दोरा पुढे सरकवितो, तार छेडतो, आणि म्हणतो, ‘ही बंद’. मग जरा मागे घेतो आणि म्हणतो, ‘ही खुली’. ध्वनिमुद्रण त्या क्षणी सुरू असले पाहिजे. दोऱ्याची प्रत्येक जागा मिलिमीटरमध्ये मोजून, त्या जागेचा आवाज आणि त्या आवाजाला कारागिराने दिलेले नाव अशी तिहेरी नोंद एका तंबोऱ्यावर चारही तारांसाठी करावयास एक दुपार पुरते. मग त्याच तंबोऱ्यावर दुसऱ्या कारागिराला, पहिल्याची उत्तरे न सांगता, तेच विचारावे. दोघांची नावे कोठे जुळतात आणि कोठे फुटतात, हे पाहिल्यावर या परिभाषेतील कोणता शब्द घराण्याचा आहे आणि कोणता कानाचा, हे ठरविता येईल.